विश्राम केणी, विक्री विभाग

रबाळ्याच्या एमआयडीसीत, खदानीच्या बाजूला,
मढवी स्प्रिंग वर्क्स. पत्र्याखाली दोन लेथ,
तार गुंडाळायचं एक यंत्र,
आणि साइटवर मालकांचा ईमेल पत्ता, उघडा,
ओट्यावर वाळत टाकलेल्या सुकटीसारखा.

मांजरं आलीच.
दिवसाला चारशे. परदेशातल्या बँकेतला बेवारस पैसा,
केस उगवायची गोळी,
मढवींच्याच नावाने मढवींना आलेली धमकी.
त्या ढिगाखाली इचलकरंजीची ऑर्डर
सतरा दिवस पडून राहिली. मग दुसरीकडे गेली.

मढवी म्हणाले, "चोराला गावू नये
नि गिऱ्हाइकाला चुकू नये, असा पत्ता लिव."
लिहिते म्हटलं.

घणसोलीच्या खोलीत बसून पत्ता सुटा केला.
मधलं अ‍ॅटचं वेटोळं, वरून पाहिलेल्या स्प्रिंगसारखं,
काढून बाजूला ठेवलं.
अक्षरं उलटी मांडली, पडद्यावर येता येता
सुलटी होतील अशी.
पत्ते वेचणारं यंत्र बघत नाही.
ते पानाच्या पाठीमागे हात घालतं
आणि चिखलात चिंबोरी चाचपावी तसं
आकारावरून ओळखतं.

मग एक गळ टाकला.
पानाच्या तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत
एक माणूस जन्माला घातला: विश्राम केणी, विक्री विभाग.
त्याला खुर्ची नाही, डबा नाही, हजेरीपटावर नाव नाही.
डोळ्यांना दिसणारच नाही, म्हणजे त्याला जो लिहील
तो माणूस नसणार.
लिहिलं की दार बंद. कायमचं.

विश्रामला रोज टपाल.
स्वेतलाना नावाच्या कुणाला त्याच्याशी लग्न करायचं होतं.
चहा पिताना मी चाळायची, हसायची,
पुढे तेही सोडलं.

नवरात्रात तो कचरा उपसायला बसले
तर खाली मराठी. जूनचं.
"विश्रामजी, मी उथळसरला पेट्या दुरुस्त करतो.
पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा हव्यात, पितळी, एकोणचाळीस नग.
लोखंडी गंजतात. सूर बिघडत नाही, बोट बिघडतं.
मोरेश्वर खांबेटे." आणि फोन नंबर.
दार बंद झाल्यानंतरचं दुसरं:
"आगाऊ पैसे देतो."
तिसरं:
"माझं काही चुकलं का?"

पान उघडून मी डोळे फोडले. पांढऱ्यावर पांढरं.
याला दिसला कसा?
नंबर फिरवला.

"दिसला नाही, ऐकला," ते म्हणाले.
"मला दिसत नाही. मोबाइल वाचून दाखवतो.
मालकांच्या पत्त्याशी आला आणि काहीतरी उलटंसुलटं बरळला,
मग एकदम स्वच्छ: विश्राम केणी, विक्री विभाग.
तुमच्या त्या पानावर हा एकच माणूस
नीट बोलत होता."

न बघणारा तो चोर,
असं मी कुठे लिहिलं नव्हतं.
बाकी काय लिहिलं होतं?

मढवींनी पितळी तार आणवली.
एकोणचाळीस नग, वर चार जास्तीचे, पैसे न लावता.
मी मालकांचा पत्ता शब्दांत उलगडला,
कानाने ऐकला तरी लागेल असा.
चोर शिकतील तेव्हा शिकतील.

शनिवारी खांबेट्यांचा फोन. आधी नुसता भाता,
मग एक पट्टी, दाबलेली, सोडलेली,
परत जागेवर येताना तिचा आवाजच नाही.
"ऐकलंत?" म्हणाले. "विश्रामना द्या जरा."

कर्सर त्याच्या नावामागे लुकलुकत होता.
एकेक अक्षर मागून खात मी 'वि'पर्यंत आले होते.

म्हटलं, ते सोडून गेले. आजच.

"अरेरे," ते म्हणाले,
"उच्चार फार स्पष्ट होते हो त्यांचे."